बारा वाजले म्हणजे सूर्य डोक्यावर? नागपुरात तरी नाही

‘दुपारी बाराला सूर्य डोक्यावर येतो आणि सावली नाहीशी होते’ हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या मुलांना शिकवलं जातं. ते चूक आहे, आणि दोनदा चूक आहे.

आधी वेळ. आपली घड्याळं ८२.५ अंश पूर्व रेखांशावर चालतात, नागपूर ७९.१ वर. म्हणून इथली खरी मध्यान्ह, म्हणजे सूर्य आकाशात सर्वांत उंच असतो ती वेळ, सरासरी १२ वाजून १४ मिनिटांनी होते. पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि तिचा आस कललेला असल्यामुळे तीही वर्षभर सरकते: नोव्हेंबरच्या सुरुवातीला बाराच्या थोडी आधी, फेब्रुवारीत जवळपास साडेबाराला.

आता सावली. नागपूर २१.१ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने सूर्य बरोबर माथ्यावर येतो तो वर्षातून दोनच दिवस, २६ मे आणि १७ जुलैच्या आसपास. जुलैतला दिवस बहुधा ढगांत जातो. नवतपातला, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतला, मात्र हमखास दिसतो. या दोन तारखांच्या दरम्यान मध्यान्हीची सावली चक्क दक्षिणेला पडते, आणि २२ डिसेंबरला ती जवळजवळ वस्तूच्या उंचीएवढी असते! दिल्लीत तर सूर्य कधीच माथ्यावर येत नाही, कारण ती कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे.

शिक्षकांना कळकळीची विनंती, हे फळ्यावर सांगू नका. मैदानात ओळंबा लावून काठी सरळ रोवा, पावणेबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करायला लावा. सर्वांत आखूड सावली पडते ती खरी मध्यान्ह, आणि तीच रेषा उत्तर-दक्षिण दिशा दाखवते.