लाल जहाज आणि अंटार्क्टिकाच्या सफरी

अर्जेंटिनातल्या उश्वाया बंदरातून अंटार्क्टिकाकडे निघालेलं जहाज ड्रेक सामुद्रधुनीत डोलत असतं तेव्हा प्रवाशांना आपापली जॅकेटं, विजारी आणि पाठपिशव्या घेऊन बोलावलं जातं. मार्गदर्शक चिमटे आणि व्हॅक्यूम क्लीनर घेऊन बसलेले असतात. व्हेलक्रोत अडकलेलं कुसळ, खिशाच्या शिवणीत साचलेली माती, बुटाच्या तळाच्या खाचेतला खडा, सगळं टिपून काढलं जातं. मग गमबूट जंतुनाशक पाण्यात बुडवायचे. किनाऱ्यावर एका वेळी शंभरच माणसं उतरणार, पेंग्विनपासून किमान पाच मीटर लांब राहायचं, आणि अलीकडे तर जमिनीवर बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही, पिशवीही खाली ठेवायची नाही.

लाखो रुपये मोजून आलेल्या माणसाला हे जाचक वाटू शकतं. पण यातला जवळजवळ प्रत्येक नियम कुठल्या ना कुठल्या चुकीनंतर आला आहे. अंटार्क्टिका द्वीपकल्पाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर पोलंडच्या संशोधन तळाजवळ युरोपातलं एक साधंसुधं गवत उगवलं आणि पसरलं. ते माणसांच्याच सामानातून आणि बुटांतून आलं होतं. चिमटे त्यानंतरचे. जमिनीवर न बसण्याचा नियम बर्ड फ्लूमुळे आला. 2023च्या ऑक्टोबरमध्ये हा विषाणू साउथ जॉर्जिया बेटावर आढळला आणि 2024च्या सुरुवातीला अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीपर्यंत पोचला.

आज या सफरींची जहाजं जिथं नांगर टाकतात त्या जागा पर्यटकांसाठी कुणी शोधलेल्या नाहीत. त्या शिकाऱ्यांनी शोधल्या. 1819 मध्ये विल्यम स्मिथ या इंग्रज कप्तानाला साउथ शेटलंड बेटं दिसली आणि पुढच्या चार-पाच हंगामांतच तिथले फर सील कातड्यासाठी जवळजवळ संपवले गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी देवमाशांचा नंबर लागला. डिसेप्शन बेट म्हणजे पाण्यात बुडालेल्या जिवंत ज्वालामुखीचं मुख. त्या बेटावर 1912 पासून 1931 पर्यंत नॉर्वेच्या लोकांनी देवमाशांची चरबी उकळण्याचा कारखाना चालवला. त्याच्या गंजलेल्या टाक्यांजवळून आज पर्यटक फिरतात. ज्या नेको हार्बरमध्ये हिमनदीचा कडा कोसळताना पाहायला सगळे श्वास रोखून उभे राहतात, त्या बंदराला नाव मिळालं ते 'नेको' नावाच्या देवमासे कापणाऱ्या तरंगत्या कारखान्यावरून. तिथं उभं राहणाऱ्या प्रत्येकाला हे सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण आज त्याच पाण्यात हंपबॅक देवमासे पुन्हा मोठ्या संख्येनं दिसतात. शिकार थांबली म्हणून ते परत आले.

साउथ जॉर्जियावरचे देवमाशांचे शेवटचे कारखाने 1960च्या दशकाच्या मध्यावर बंद पडले. नेमकी त्याच सुमाराला पहिली खरी सहल निघाली.

त्याआधीही तुरळक प्रयत्न झाले होते. 1958 मध्ये 'लेस एक्लेरर्स' या अर्जेंटिनाच्या जहाजातून काही प्रवासी तिथं जाऊन आले. पण आज आपण 'एक्स्पिडिशन क्रूझ' म्हणतो ती कल्पना लार्स-एरिक लिंडब्लाड यांची. मूळचे स्वीडनचे, नंतर अमेरिकेत स्थायिक झालेले हे सहलसंयोजक. 1966च्या जानेवारीत त्यांनी अर्जेंटिनाच्या नौदलाचं 'लापाताया' हे जहाज भाड्यानं घेतलं आणि 57 प्रवाशांना अंटार्क्टिका द्वीपकल्पाकडे नेलं. जो माणूस ही जागा डोळ्यांनी पाहील तो तिच्या रक्षणासाठी उभा राहील, हा त्यांचा विश्वास होता. पुढच्या सहा दशकांत या व्यवसायानं स्वतःबद्दल जे काही सांगितलं, त्याच्या मुळाशी हाच विश्वास आहे. माझ्या मते तो अर्धा खरा ठरला. उरलेल्या अर्ध्याबद्दल पुढे येईलच.

भाड्याच्या जहाजांवर भागणार नाही हे लिंडब्लाड यांना लवकर कळलं. 1969 मध्ये फिनलंडच्या उसीकाउपुंकी गावातल्या गोदीत त्यांचं स्वतःचं जहाज बांधून झालं: 'लिंडब्लाड एक्स्प्लोरर'. लांबी जेमतेम 73 मीटर, प्रवासी शंभरएक, बर्फाचे धक्के सोसेल असा मजबूत सांगाडा आणि उथळ पाण्यातही शिरता येईल असा तळ. रंग भडक लाल, बर्फात दुरून दिसावा असा. या प्रकारच्या सफरींसाठी खास बांधलेलं हे पहिलंच जहाज. दर्यावर्दी लोक त्याला प्रेमानं 'छोटं लाल जहाज' म्हणत.

जहाजाबरोबर सफरीची एक पद्धतही घडली. धक्का नसलेल्या किनाऱ्यावर उतरायचं कसं, हा मोठा प्रश्न होता. त्याला उत्तर मिळालं झोडियाक या हवा भरलेल्या रबरी होड्यांचं. मूळ फ्रेंच बनावटीच्या या होड्यांना मागे मोटर असते, त्या खडकावर घासल्या तरी सहसा फाटत नाहीत आणि दहाबारा माणसांना घेऊन थेट वाळूवर चढतात. दुसरी गोष्ट व्याख्यात्यांची. संध्याकाळी नाचगाण्याऐवजी पक्षी, सील, हिमनद्या आणि जुन्या मोहिमा यांवर भाषणं. अमेरिकेचे पक्षितज्ज्ञ रॉजर टोरी पीटरसन आणि वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या संस्थापकांपैकी एक असलेले इंग्लंडचे पीटर स्कॉट हे या जहाजावरून प्रवाशांबरोबर गेले. वाटाड्या हा अभ्यासकच असला पाहिजे, ही आजही पाळली जाणारी रीत तिथून आली. 1984 मध्ये याच जहाजानं कॅनडाच्या उत्तरेकडची बर्फानं वेढलेली वायव्य वाट पार केली. प्रवासी जहाजानं ती पार करण्याची ही पहिलीच वेळ.

अपघात मात्र सुरुवातीपासून होते. 1972च्या फेब्रुवारीत 'लिंडब्लाड एक्स्प्लोरर' किंग जॉर्ज बेटाजवळ खडकांवर चढलं आणि प्रवाशांना चिलीच्या नौदलानं सोडवलं. त्या काळात विमानातून वरच्या वर अंटार्क्टिका दाखवण्याच्याही सहली निघत. 28 नोव्हेंबर 1979 रोजी एअर न्यूझीलंडचं असंच एक विमान एरेबस पर्वताच्या उतारावर आदळलं आणि त्यातली सर्वच्या सर्व 257 माणसं गेली. त्यानंतर बरीच वर्षं अशी उड्डाणं थांबली आणि अंटार्क्टिकाचं पर्यटन मुख्यतः जहाजांचंच राहिलं.

कायद्याच्या बाजूनं पाहिलं तर परिस्थिती विचित्र होती. 1959च्या डिसेंबरात बारा देशांनी अंटार्क्टिका करारावर सह्या केल्या. लष्करी हालचालींना बंदी, अणुस्फोटांना बंदी, विज्ञानाला मोकळीक, देशांचे हक्क गोठवलेले. असं सगळं त्यात आहे, पण पर्यटक हा शब्दच नाही. तेव्हा तिथं पर्यटक असे कितीसे होते? करारातल्या देशांच्या बैठकीत पर्यटनाच्या परिणामांवर पहिली शिफारस झाली ती 1966 मध्ये, म्हणजे लिंडब्लाड यांची पहिली सहल गेली त्याच वर्षी.

खरी जाग आली ती 1989च्या जानेवारीत. अर्जेंटिनाच्या नौदलाचं 'बाहिया पाराइसो' हे रसद पुरवणारं जहाज, ज्यावर ऐंशीएक पर्यटकही होते, अमेरिकेच्या पामर तळाजवळ खडकावर आपटून बुडालं. माणसं सगळी वाचली. पण सुमारे सहा लाख लिटर डिझेल पाण्यात पसरलं, आणि तेही पक्ष्यांची पिल्लं घरट्यांत असण्याच्या दिवसांत. त्यानंतर दोनच महिन्यांनी अलास्कात 'एक्सॉन वाल्डेझ' या तेलवाहू जहाजाचा अपघात झाला. थंड पाण्यात तेल काय करतं हे सगळ्या जगानं पाहिलं. 1991 मध्ये माद्रिदमध्ये करारातल्या देशांनी पर्यावरण रक्षणाच्या मसुद्यावर सह्या केल्या आणि 1998 पासून तो लागू झाला. खाणकामाला बंदी झाली, बाहेरच्या प्राण्यांना बंदी झाली. मोहिमांचे स्लेज ओढणारे कुत्रेसुद्धा परत पाठवले गेले.

1991 मध्येच सात सहल कंपन्यांनी मिळून 'आयाटो' ही आपली संघटना काढली. शंभर माणसांची मर्यादा, एका जागी एका वेळी एकच जहाज, वीस प्रवाशांमागे निदान एक मार्गदर्शक, पाचशेहून अधिक प्रवासी असलेल्या जहाजानं कुणालाच किनाऱ्यावर उतरवायचं नाही, हे नियम या संघटनेनं आपणहून पाळायला घेतले. व्यापाऱ्यांनी स्वतःवर घातलेली बंधनं एवढी वर्षं टिकली, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

त्याच वर्षी सोव्हिएत संघ कोसळला आणि या व्यवसायाला अनपेक्षितपणे जहाजं मिळाली. रशियन संशोधन संस्थांकडे पगाराला पैसे नव्हते, पण फिनलंडमध्ये बांधलेली बर्फात चालणारी उत्तम जहाजं होती आणि बर्फ कोळून प्यालेले खलाशी होते. 'अकादेमिक योफे', 'अकादेमिक सर्गेई वाविलोव', 'प्रोफेसर मोल्चानोव', 'कापितान ख्लेबनिकोव' हा बर्फफोड्या. ही जहाजं एकामागून एक भाड्यानं जाऊ लागली. 1996-97 मध्ये 'कापितान ख्लेबनिकोव'नं प्रवाशांसह संपूर्ण अंटार्क्टिकाला प्रदक्षिणा घातली. उत्तरेकडे रशियाचे अणुशक्तीवर चालणारे बर्फफोडे तर पर्यटकांना थेट उत्तर ध्रुवावर नेऊ लागले. चैन कमी होती, केबिन साध्या होत्या, पण ध्रुवीय सफर श्रीमंतांतल्याही श्रीमंतांपुरती राहिली नाही ती या जहाजांमुळे.

आणि मग ते लाल जहाज बुडालं. दरम्यान मालक बदलले होते, नाव नुसतं 'एक्स्प्लोरर' उरलं होतं. 23 नोव्हेंबर 2007च्या ऐन मध्यरात्री ब्रान्सफिल्ड सामुद्रधुनीत, किंग जॉर्ज बेटापासून जवळच, ते टणक बर्फाला घासलं आणि पाणी आत शिरू लागलं. प्रवासी, मार्गदर्शक आणि खलाशी मिळून 154 जण उघड्या जीवरक्षक होड्यांत आणि झोडियाकमध्ये उतरले. काही तास त्या थंडीत तरंगत राहिले. सकाळी 'नॉरनॉर्गे' हे दुसरं सफरी जहाज पोचलं आणि त्यानं सगळ्यांना उचललं. एकही जीव गेला नाही. पण हवामान त्या दिवशी शांत होतं आणि मदतीचं जहाज जवळ होतं, म्हणून. ड्रेकच्या नेहमीच्या वादळात हेच घडलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार त्यानंतर सगळ्यांनाच करावा लागला. 2011च्या ऑगस्टपासून अंटार्क्टिकाच्या पाण्यात जड इंधन तेल वापरायला आणि वाहून न्यायलाही बंदी आली. 2017 पासून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची ध्रुवीय जहाजांसाठीची नियमावली लागू झाली. आता सांगाडा, जीवरक्षक होड्या आणि खलाशांचं प्रशिक्षण हे सगळं बर्फाच्या हिशेबानं तपासलं जातं.

आता त्या उरलेल्या अर्ध्याबद्दल. 1992-93च्या हंगामात अंटार्क्टिकाला जाणाऱ्या पर्यटकांची संख्या सात हजारांच्या आत होती. 2023-24 मध्ये ती 1,20,000च्या वर गेली. त्यातल्या एक तृतीयांशाहून अधिक लोकांनी नुसतं जहाजावरूनच पाहिलं. बाकी सगळे द्वीपकल्पाच्या त्याच मोजक्या किनाऱ्यांवर उतरले, कारण बर्फ नसलेली सपाट जागा पेंग्विनना हवी असते तशी माणसालाही. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं हिशेब मांडला की जहाजांच्या आणि इंजिनांच्या काजळीमुळे एका पर्यटकामागे सुमारे 83 टन बर्फ लवकर वितळतं. पाहिल्यावर प्रेम जडतं हे खरं आहे. पण बर्फावर बसलेली काजळी त्या प्रेमानं पुसली जात नाही. लिंडब्लाड यांनी 57 माणसांना नजरेसमोर ठेवून जो विचार केला, तो लाखाच्या आकड्याला तसाच लागू पडत नाही, असं मला वाटतं.

उत्तरेकडे हा प्रश्न थोडा सोपा आहे, कारण तिथं मालक आहे. स्वालबार्ड नॉर्वेचं, त्यामुळे एक सरकार नियम करू शकतं. 2025च्या जानेवारीपासून तिथल्या संरक्षित भागांत जहाजावर दोनशेच प्रवासी चालतात, उतरायच्या जागा ठरवून दिलेल्या आहेत आणि पांढऱ्या अस्वलापासून किमान तीनशे मीटर अंतर ठेवावं लागतं, मार्च ते जून तर पाचशे.

अंटार्क्टिकाला मालक नाही, आणि आपणही त्याच्या राखणदारांपैकी एक आहोत. 6 डिसेंबर 1981 रोजी गोव्याच्या मुरगाव बंदरातून 'पोलर सर्कल' हे नॉर्वेचं भाड्याचं जहाज डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या पहिल्या मोहिमेतल्या 21 जणांना घेऊन निघालं आणि 9 जानेवारीला तिथं पोचलं. 1983 मध्ये भारत करारात सामील झाला. त्याच वर्षी निघालेल्या तिसऱ्या मोहिमेत नागपूरच्या सागरशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत होत्या. त्या आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या स्त्रिया. आज या मोहिमांचा कारभार वास्कोतल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो, आणि मुंबई-पुण्याच्या सहल कंपन्या दरवर्षी मराठी प्रवाशांचे गट उश्वायाला नेतात. 2022 मध्ये भारतानं अंटार्क्टिकासाठी स्वतंत्र कायदाही केला.

2024च्या मे महिन्यात करारातल्या देशांची बैठक कोचीला भरली. पर्यटनाचे सुटे सुटे ठराव करण्याऐवजी एकच सर्वंकष चौकट आखायची, यावर तिथं चर्चा पुढे सरकली. काम हळू चालतं, कारण मतदानाचा हक्क असलेल्या सर्व 29 देशांचं एकमत लागतं. शंभर आणि पाचशे माणसांच्या मर्यादेचा ठराव देशांनी 2009 मध्येच केला होता, पण तो बंधनकारक व्हायला एकूण एक देशाची मंजुरी हवी. तोवर नेको हार्बरला कुठलं जहाज कुठल्या दिवशी, कुठल्या तासाला येणार, हे कंपन्याच हंगामाआधी आपसात वेळापत्रक लावून ठरवतात, आणि गमबूट बुडवायच्या टबाशी एक मार्गदर्शक ब्रश घेऊन उभा असतो.