‘सुप्त’ विषाणू : एका शब्दाचा घोळ

जिवाणूंना मारणारे विषाणू १९१५ आणि १९१७ मध्ये दोन ठिकाणी स्वतंत्रपणे उजेडात आले, आणि पुढच्याच दशकात पटकीवर उपाय म्हणून ते भारतातील विहिरींत सोडूनही पाहण्यात आले. मात्र यांतील काही विषाणू जिवाणूला न मारता त्याच्या डीएनएत शिरून पिढ्यान्‌पिढ्या मुक्काम करतात, हा वाद मिटायला १९५० उजाडले. अतिनील किरण टाकताच धडधाकट दिसणारे जिवाणू फुटले आणि विषाणू बाहेर पडले.

अशा मुक्कामी विषाणूंना ‘सुप्त’ म्हणतात आणि घोळ तेथूनच सुरू होतो. वऱ्हाडात सुप्त म्हटले की धूळपेरणीचे बियाणे डोळ्यांसमोर येते : पाऊस येईपर्यंत नुसते मातीत पडून असणारे. पटकीच्या जिवाणूतील विषाणू तसा नाही. जुलाब घडवणाऱ्या विषाची जनुके त्यानेच आणलेली आहेत, हे १९९६ मध्ये दाखवले गेले. तो डीएनएत स्वस्थ असतानाही ते विष तयार होत राहते, आणि बाहेर पडताना तो जिवाणूला फोडतसुद्धा नाही. जुलै २०२२ मध्ये मेळघाटातील चिखलदरा तालुक्यात दूषित पाण्यातून पटकी पसरली, तिच्यामागे हीच यंत्रणा होती. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून, पाण्यातील क्लोरीन तपासणाऱ्या ओटी चाचणीच्या नळीत पाणी पिवळे होते का हे पाहणाऱ्याला विषाणूचे नाव माहीत असण्याची गरज नाही, कारण त्या क्लोरीनने जिवाणूच मरतो. पण ‘सुप्त’ म्हणजे ‘निरुपद्रवी’ असे कोणी समजू नये.

‘सुप्त’ हा शब्द खरा शोभतो तो ई. कोलाय या आतड्यातील जिवाणूच्या रक्ती जुलाब घडवणाऱ्या एका प्रकारातील विषाणूला. तेथे विषाणू जागा झाला की विष वाढते, आणि काही प्रतिजैविके त्याला जागे करतात. म्हणून या आजारात ती द्यावीत की नाहीत यावर डॉक्टरांत मतभेद आहेत आणि कल न देण्याकडे आहे. जुलाब लागताच दुकानातून दोन सुट्या गोळ्या आणून घेण्याची खेड्यातील सवय या वादात कोणी मोजत नाही.

निरोगी आतड्याकडे लक्ष गेले ते २००३ नंतर, विष्ठेतील विषाणूंचा डीएनए सरसकट वाचता येऊ लागल्यावर. आतड्यातील बहुतेक जिवाणू असे पाहुणे बाळगून असतात, हे आता सर्वमान्य आहे. २०१९ मध्ये उंदरांत असे दिसले, की आहारातील फ्रुक्टोजमुळे आतड्यातील एका उपयुक्त जिवाणूतून विषाणू अधिक प्रमाणात बाहेर पडतात. आतड्याच्या दीर्घकालीन दाहातही विषाणूंचे प्रमाण बदललेले आढळते. तो बदल आजाराचे कारण की परिणाम, हे मात्र ठरलेले नाही.