स्कोपखालचा बेस आणि कागदाएवढी फट

छपाईच्या साध्या कागदाची जाडी सुमारे ०.१ मिलीमीटर. शिकारीच्या रायफलवर स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, धरून ठेवणाऱ्या दोन रिंगांमध्ये समजा १०० मिलीमीटर अंतर आहे. या रिंगा ज्या धातूच्या तुकड्यावर आवळतात आणि जो स्वतः रायफलवर स्क्रूने बसतो, तो बेस. मागच्या रिंगेखाली असा एकच कागद सरकवला, तर स्कोप एक मिलिरेडियनने, म्हणजे लांबीच्या हजाराव्या भागाइतक्या कोनाने, पुढे झुकतो. नेम धरणारा मग नकळत रायफलची नळी तेवढीच वर उचलतो, आणि १०० मीटरवर गोळी दहा सेंटीमीटर वर लागते. हरणाच्या आकाराच्या प्राण्याच्या छातीत मर्मस्थानाची जागा साधारण १५ ते २० सेंटीमीटर व्यासाची असते. म्हणजे एका कागदाने गोळी मधोमध लागण्याऐवजी कडेला जाते, आणि कडेला लागलेली गोळी म्हणजे बहुधा जखमी होऊन पळालेलं जनावर.

आता कुणी म्हणेल, स्कोपला फिरवायच्या चकत्या असतात, ती चूक तिथे भरून काढता येते. येते. पण स्कोप नुसता झुकलेला असेल तरच. पुढची आणि मागची रिंग एका रेषेत नसतील, तर वरचे स्क्रू आवळताना स्कोपची नळी वाकते, आणि वाकलेल्या नळीवर कोणत्याही चकतीचा इलाज नाही. आतल्या भिंगांवर ताण येतो, नेम स्थिर राहत नाही आणि दोष मात्र काडतुसाला दिला जातो. म्हणून स्कोपवर भरपूर पैसे घालून बेस मात्र हाताला लागेल तो घेणं मला कधीच पटलेलं नाही.

बेस कोणता, हे रिसीव्हर ठरवतो. रिसीव्हर म्हणजे ज्या पोलादी घरात बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलून मागची बाजू बंद करणारा दांडा, पुढेमागे सरकतो तो भाग. त्याची वरची बाजू सपाट असेलच असं नाही; बहुतेकदा ती गोलाकार असते आणि पुढचा व मागचा भाग वेगवेगळ्या उंचीचे असतात. रेमिंग्टन ७०० या प्रसिद्ध रायफलमध्ये मागचा भाग खाली असतो, त्यामुळे तिच्या दोन तुकड्यांच्या बेसमध्ये मागचा तुकडा मुद्दाम जाड केलेला असतो. शिवाय एकाच मॉडेलमध्ये लांब आणि आखूड काडतुसांसाठी वेगळ्या लांबीचे रिसीव्हर येतात, आणि अखंड पट्टीच्या बेसची भोकं त्याप्रमाणे बदलतात. स्क्रूही एकसारखे नसतात. ६-४८ हा जुना, प्रचलित माप साधारण ३.५ मिलीमीटर जाडीचा. ८-४० हा ४.२ मिलीमीटरच्या आसपास, आणि जास्त दणकट. लष्करी माउझर ९८ वर तर मुळात स्कोपची भोकं नव्हतीच. ती नंतर कुठल्या कारागिराने पाडली असतील, तर छापील तक्ता बाजूला ठेवून मोजपट्टी हातात घ्यावी हे बरं.

बेस जुळतो की नाही, हे पाहायची एक सोपी रीत आहे. रायफल रिकामी आहे याची खात्री करा, बोल्ट काढून ठेवा. अखंड पट्टी रिसीव्हरवर ठेवा आणि फक्त पुढचा स्क्रू आवळा. मग मागच्या टोकाकडे उजेडासमोर बघा. पट्टी आणि पोलाद यांच्यामधून प्रकाशाची बारीक रेघ दिसली, बोटाने दाबल्यावर ती मिटली आणि सोडल्यावर परत आली, तर ती पट्टी तिथे बसत नाही. मागचे स्क्रू तिला वाकवून बसवणार आहेत. एवढ्यावर पट्टी टाकून द्यायची गरज नाही. कारागीर ती फट इपॉक्सीने भरून पट्टीला सरळ आधार देतात. पण फट डोळ्यांना सहज दिसण्याइतकी मोठी असेल, तर बहुधा बेसच चुकीच्या मॉडेलचा आलेला असतो.

बेस आणि रिंग यांचंही आपसात जमावं लागतं, आणि खरा घोळ इथे होतो. वीव्हर आणि पिकॅटिनी या दोन पद्धती दिसायला सख्ख्या बहिणी. दोन्हींत पट्टीवर आडव्या खाचा, आणि रिंगेचा आडवा दांडा त्या खाचेत बसतो. वीव्हरची खाच ४.५७ मिलीमीटर रुंद, आणि दोन खाचांमधलं अंतर ठरलेलं नाही. पिकॅटिनीची खाच ५.२३ मिलीमीटर, आणि खाचेच्या मध्यापासून पुढच्या खाचेच्या मध्यापर्यंत १०.०१ मिलीमीटर, नेमकं. अमेरिकेच्या सैन्याने १९९५ मध्ये ते मिल-स्टँडर्ड-१९१३ म्हणून ठरवलं. वीव्हरच्या रिंगा त्यामुळे पिकॅटिनीवर सहसा बसतात, पण पिकॅटिनीचा जाड दांडा वीव्हरच्या खाचेत शिरत नाही.

बसतात खऱ्या, पण खाचेत अर्ध्या मिलीमीटरहून जास्त मोकळीक उरते. तिचं काय होतं ते पाहू. .३०-०६ या शिकारीच्या काडतुसाची ११.७ ग्रॅमची गोळी ८२० मीटर प्रतिसेकंद वेगाने सुटते. तिचा संवेग ९.६ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. स्कोपसकट ३.८ किलोची रायफल त्यामुळे मागे येते ती अडीच मीटर प्रतिसेकंद वेगाने, आणि हा वेग ती सेकंदाच्या हजाराव्या भागाहून किंचित जास्त वेळात गाठते. (नळीतून बाहेर पडणाऱ्या वायूंचा धक्का यात धरलेला नाही.) त्वरण झालं गुरुत्वाच्या सुमारे दोनशे पट. ४५० ग्रॅमच्या स्कोपला सोबत ओढायला मग सरासरी ९०० न्यूटन बल लागतं, म्हणजे ९० किलोच्या वजनाइतकं. स्कोपला जागेवरच राहायचं असतं आणि रायफल त्याच्याखालून मागे सटकत असते. रायफलच्या दृष्टीने स्कोप पुढे पळतो. म्हणून रिंग आवळण्याआधी ती खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकेपर्यंत पुढे ढकलायची. मागे ठेवली, तर पहिल्या काही गोळ्यांत ती स्वतःच पुढे सरकेल, आणि सरकेपर्यंत नेम भटकत राहील.

अखंड पट्टी घ्यावी की दोन तुकडे? दोन तुकडे हलके, आणि वरून काडतुसं भरायला जागा मोकळी. पण लांब रिसीव्हरवर ते एकमेकांपासून दूर जातात आणि आखूड स्कोपची नळी तिथवर पुरत नाही, किंवा मधल्या चकत्यांचा फुगवटा आड येतो. पट्टीवर रिंग पुढेमागे हलवता येते, त्यामुळे डोळा आणि स्कोप यांच्यातलं आठ-नऊ सेंटीमीटर अंतर नीट जमतं. २० मिनिटांचा (कोनाची मिनिटं; म्हणजे एका अंशाचा तिसरा भाग) पुढच्या बाजूला उतार दिलेल्या पट्ट्या लांब पल्ल्याच्या नेमबाजांसाठी आहेत. दोन-तीनशे मीटरच्या आत शिकार करणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही. उलट आतली फिरवण्याची मुभा कमी असलेला स्कोप अशा पट्टीवर १०० मीटरला शून्यावर येतच नाही, म्हणजे नेम आणि गोळी एका जागी जुळतच नाहीत.

शेवटी स्क्रूची लांबी. दोन तुकड्यांच्या पाकिटात बहुतेकदा दोन लांब आणि दोन आखूड स्क्रू येतात, आणि त्यांची अदलाबदल फार सहज होते. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर बोल्ट अडखळतो; ते निदान कळतं तरी. अगदी पुढचं भोक आंधळं असेल, म्हणजे आरपार नसेल, तर स्क्रू तळाला टेकतो, पाना घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि बेस मात्र सैलच राहतो. म्हणून प्रत्येक स्क्रू एकेकटा लावून बघायचा: फक्त तोच आवळून बेस अंगठ्याने हलवायचा. हलला, तर स्क्रू एखाद-दोन आटे घासून आखूड करायचा आणि पुन्हा लावून बघायचा.