जास्वंदीवरील पिठ्या ढेकूण

जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यांवर, कळ्यांच्या देठांशी आणि पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके करून राहणारी रसशोषक कीड. महाराष्ट्रातल्या परसबागांत आणि गच्चीवरच्या कुंड्यांत ती सर्रास आढळते. अनेकजण तिला बुरशी समजून बुरशीनाशक फवारतात. त्याचा काही उपयोग होत नाही. पुंजका काडीने उकलला की आतले मऊ, गुलाबी किडे दिसतात.

जास्वंदीवर पिठ्या ढेकणांच्या अनेक जाती येतात. त्यांतली मुख्य गुलाबी पिठ्या ढेकूण, शास्त्रीय नाव मॅकोनेलिकॉकस हिर्सुटस. तिचे पहिले शास्त्रीय वर्णन १९०८ साली भारतातल्या नमुन्यांवरून झाले. द्राक्षबागायतदारांना छळणारी कीडही हीच. मादी सुमारे ३ मिमी लांब व बिनपंखी असते आणि मेणकट तंतूंच्या पिशवीत शेकडो अंडी घालते. उबदार हवेत महिन्याभरात नवी पिढी तयार होते. अंड्यांतून निघालेली पिल्ले रांगत, वाऱ्याबरोबर किंवा माळ्याच्या कात्रीला आणि कपड्यांना चिकटून दुसऱ्या झाडावर जातात.

रस शोषताना ढेकूण झाडात विषारी लाळ सोडतो. त्यामुळे पाने चुरगळतात, पेरे आखूड राहून शेंड्याचा गुच्छ होतो आणि कळ्या न उमलताच गळतात. अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट स्रावावर काळी बुरशी वाढते. या स्रावासाठी मुंग्या येतात आणि त्या बदल्यात ढेकणांचे शत्रू हुसकावून लावतात. म्हणून उपायाची सुरुवात मुंग्यांपासून करावी. झाडाला टेकलेल्या फांद्या व दोऱ्या दूर कराव्यात, कुंडीखालचे वारूळ मोडावे. मुंग्या असेपर्यंत बाकीची मेहनत बरीचशी वाया जाते.

त्यानंतर गुच्छ झालेले शेंडे छाटून पिशवीत बंद करावेत. कुंडीजवळ टाकल्यास पिल्ले परत चढतात. उरलेल्या फांद्यांवर पाण्याचा जोरदार फवारा मारावा. मग एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचे तेल आणि ते मिसळण्यापुरता द्रवसाबण घालून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारावे. मोठ्या मादीचे मेणाचे आवरण पाणी झटकून टाकते, त्यामुळे एका फवारणीत फक्त उघडी पिल्ले मरतात. आठवड्याच्या अंतराने दोन-तीन वेळा फवारणी लागते ती यासाठी. पावसाळी दमट हवेत व्हर्टिसिलियम लेकॅनी ही कीटकांना मारणारी बुरशीही चांगले काम करते. तीव्र रासायनिक कीटकनाशक घरच्या जास्वंदीवर मारू नये. हीच फुले गणपतीला वाहिली जातात, हाताळली जातात, शिवाय अशा औषधाने मित्रकीटकही मरतात.

मित्रकीटकांत क्रिप्टोलिमस हा छोटा भुंगेरा सर्वांत मोलाचा. मूळचा ऑस्ट्रेलियाचा हा कीटक १८९८ साली भारतात आणला गेला. डोके नारिंगी, पाठ काळपट, लांबी जेमतेम ४ मिमी. प्रयोगशाळांत तो लाल भोपळ्यावर वाढवलेल्या पिठ्या ढेकणांवर पोसतात. १९९४ साली कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटावर गुलाबी पिठ्या ढेकणाने जास्वंदीपासून सागापर्यंत झाडांची नासाडी केली. त्या भागातल्या बेटांवर कीड आवरण्यासाठी भारतातून हाच भुंगेरा नेण्यात आला, जोडीला एक परोपजीवी गांधीलमाशीही सोडली गेली.

दुर्दैवाने या भुंगेऱ्याची अळी दिसते थेट पिठ्या ढेकणासारखी: तीही पांढऱ्या मेणकट झालरींनी झाकलेली. बागेत ती किडीबरोबर चिरडली जाते, आणि हे नुकसान सहज टाळता येते. ढेकूण एका जागी चिकटून असतो, हलला तरी अगदी संथ. अळी त्याच्याहून मोठी, तिच्या झालरी लांब व विस्कटलेल्या, आणि ती फांदीवर भराभर चालत पुंजक्यांत तोंड घालते. अशी अळी दिसलेल्या फांदीवर साबण वा तेल फवारू नये, कात्रीही लावू नये.