मान्यताप्राप्त युनियन

एका कारखान्यात दोन-तीन युनियन असतात हे आपल्याकडे नेहमीचंच आहे, मग पगारवाढीचं बोलणं मॅनेजमेंटने कुणाशी करायचं, करारावर सही कुणाची चालणार आणि ती सही जे त्या युनियनचे मेंबरच नाहीत त्यांच्यावरपण लागू होणार का, या प्रश्नांना कायद्याने दिलेलं उत्तर म्हणजे मान्यताप्राप्त युनियन. महाराष्ट्रात हे उत्तर दोन कायद्यांतून येतं. एक 1946 चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा, ज्याला सगळे बीआयआर ॲक्ट म्हणतात (नंतर नावातलं मुंबई जाऊन महाराष्ट्र आलं, पण बोलताना अजून बीआयआरच), आणि दुसरा 1971 चा एमआरटीयू-पल्प, म्हणजे कामगार संघटनांना मान्यता देणारा आणि अनुचित कामगार प्रथा रोखणारा कायदा, जो प्रत्यक्ष लागू झाला सप्टेंबर 1975 मध्ये. गोव्यात यातलं काही लागू नाही, तिथे केंद्राच्या 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यावरच काम चालत आलं.

दोन्ही कायद्यांमागची कल्पना तशी सरळ आहे. मालकाला एकच दार माहीत असावं, सगळ्या कामगारांच्या वतीने एकाने बोलावं, एकदा करार झाला की तो सगळ्यांवर बंधनकारक, म्हणजे उद्या दुसरी युनियन उठून नवं मागणीपत्र टाकून काम बंद पाडणार नाही. कल्पना चुकीची नाही. फाटाफूट झाली की कामगाराचंच नुकसान होतं, हे ज्याने गेट मीटिंगला दोन झेंड्यांखाली दोन घोळके उभे राहिलेले बघितलेत त्याला सांगायला नको. खरी अडचण आहे ती हा "एक" निवडायचा कसा यात, आणि मुंबईच्या गिरण्यांचा अर्धा इतिहास या एका प्रश्नावर फिरतो.

गिरण्यांमध्ये सुरुवातीला मालक आणि कामगार यांच्यामध्ये युनियन नव्हतीच, मध्ये होता जॉबर. गावाकडून माणसं आणायची, कामावर लावायची, बदलीवाल्यांपैकी (गैरहजर कामगाराच्या जागी रोजावर लागणारे) आज कुणाला काम द्यायचं ते ठरवायचं, त्यातून दस्तुरी म्हणजे कमिशन खायचं, आणि कामगारांची कुरकुर वर पोचवायची की दाबायची तेपण त्यानेच बघायचं. नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेऊन मागण्या लिहून सरकारपुढे ठेवल्या, 1890 मध्ये रविवारची सुट्टी मिळवली, पण त्यांची संस्था आजच्या अर्थाने वर्गणी घेणारी, करार करणारी युनियन नव्हती. ती आली 1920 नंतर. 1926 चा ट्रेड युनियन ॲक्ट झाला, त्यात युनियनची नोंदणी होऊ लागली, पण नोंदणी झाली म्हणून मालकाने बोलायलाच पाहिजे असं त्यात कुठेच नव्हतं आणि हा फरक आजही बऱ्याच लोकांना माहीत नसतो, रजिस्टर्ड युनियन वेगळी आणि मान्यताप्राप्त वेगळी. 1928 चा गिरण्यांचा संप सहा महिने चालला, त्याच संपाच्या धामधुमीत गिरणी कामगार युनियन उभी राहिली. मग सरकारने 1934 मध्ये समेटाचा कायदा आणला आणि कामगारांची बाजू मांडायला सरकारी लेबर ऑफिसर नेमला, म्हणजे कामगारांच्या वतीने बोलणार कोण तर सरकारचा माणूस!

1938 चा कायदा याच्या पुढचा. समेटाची सगळी पायरी ओलांडल्याशिवाय संप केला तर तो बेकायदेशीर, शिक्षेला पात्र. मुंबई विधानसभेत डॉ. आंबेडकरांनी या बिलाला कडाडून विरोध केला, संपाचा हक्क हा स्वातंत्र्याच्याच हक्काचं दुसरं नाव आहे अशी त्यांची मांडणी होती, आणि 7 नोव्हेंबर 1938 ला त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एरवीचे मतभेद बाजूला ठेवून एकत्र संपात उतरले. बिल पास झालंच.

1946 चा बीआयआर ॲक्ट याच कायद्याच्या जागी आला, मुंबई प्रांताचे तेव्हाचे मजूरमंत्री गुलझारीलाल नंदा. यात "प्रातिनिधिक युनियन" आली, म्हणजे सगळ्यांच्या वतीने बोलणारी ती एक युनियन. एखाद्या भागातल्या एखाद्या धंद्यातल्या एकूण कामगारांपैकी 25 टक्के कामगार मेंबर असले की ती युनियन प्रातिनिधिक होऊ शकते, आणि इथे नीट लक्ष द्या, एका गिरणीतले नाही, त्या पूर्ण भागातल्या सगळ्या गिरण्यांमधले मिळून. म्हणजे एका गिरणीतले सगळेच्या सगळे कामगार दुसऱ्या युनियनमध्ये गेले तरी त्यांच्या वतीने बोलणार शहराची प्रातिनिधिक युनियनच. मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये ही जागा इंटक या काँग्रेसकडच्या कामगार संघटनेच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेली आणि त्यांच्याकडेच राहिली. बाकी 75 टक्के कुठेही असोत. हाच कायदा साखर कारखाने, सहकारी बँका, बेस्ट अशा ठिकाणीपण लागू होत आला आहे आणि तिथे गोष्टी इतक्या थराला गेल्या नाहीत, पण गिरणगावात गेल्या.

18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला संप लोकांना पगारवाढीचा संप म्हणून आठवतो. पगारवाढ होती, बदली कामगारांना परमनंट करा ही मागणी होती, पण त्याच्याच बरोबरीने बीआयआर ॲक्ट रद्द करा आणि मिल मजदूर संघाची मान्यता काढा हीपण मागणी होती आणि माझ्या मते सगळ्यात मूळ मागणी तीच. 1981 च्या दिवाळीच्या बोनसवरून कामगार चिडले, संघाने केलेला करार त्यांना मान्य नव्हता, आणि ते स्वतःहून कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या दारात गेले, ज्यांनी तोवर इंजिनिअरिंग कंपन्यांमध्ये मोठमोठे करार करून दाखवले होते. साधारण अडीच लाख कामगार बाहेर पडले. मालकांची भूमिका शेवटपर्यंत एकच, आम्ही कायद्याने फक्त मान्यताप्राप्त युनियनशी बोलू शकतो. सरकारचीपण तीच. म्हणजे ज्यांच्या मागे कामगार उभे होते त्यांच्याशी बोलायला कायद्याची परवानगी नाही आणि ज्यांच्याशी बोलायची परवानगी होती त्यांचं कामगार ऐकत नव्हते. औद्योगिक संबंध सांभाळायला केलेला कायदा संबंध तुटायला कसा कारणीभूत होतो याचं याहून स्पष्ट उदाहरण शोधून सापडणार नाही. तो संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही. 1983 मध्ये केंद्राने 13 गिरण्यांचं व्यवस्थापन हातात घेतलं, हजारो लोकांना परत कामावर घेतलंच नाही, कित्येक कुटुंबं कोकणात, घाटावर परत गेली. 1984 ला इंदिरा गांधींच्या हत्येनंतर सगळीकडे काँग्रेसची लाट असताना दत्ता सामंत दक्षिण मध्य मुंबईतून खासदार झाले. मतपेटीत कामगारांनी त्यांना निवडलं, वाटाघाटीच्या टेबलावर मात्र तशी मतपेटी कधी ठेवलीच गेली नाही.

आणि ही मान्यता गिरण्या बंद पडल्यावरही संपली नाही. 1991 च्या विकास नियंत्रण नियमांप्रमाणे गिरण्यांच्या जमिनींच्या पुनर्विकासावर लक्ष ठेवायला जी देखरेख समिती होती त्यात एक जागा मान्यताप्राप्त युनियनच्या प्रतिनिधीला होती. म्हणजे जमिनीच्या बाबतीतपण गिरणी कामगारांचा कायदेशीर आवाज तोच.

आता 1971 चा कायदा. तो बीआयआरपेक्षा बराच बरा आहे. 50 किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत, आधीच्या सहा महिन्यांत निदान 30 टक्के मेंबर असलेली युनियन औद्योगिक न्यायालयात अर्ज करते, इतर युनियनना नोटीस जाते, वर्गण्यांच्या पावत्या आणि मेंबरशिपची रजिस्टरं तपासली जातात आणि मग सर्टिफिकेट मिळतं. हिशोब आस्थापनेपुरता, पूर्ण शहराचा नाही, हा मोठा फायदा. युनियनवर बंधनं आहेत, कार्यकारिणीची मीटिंग तीन महिन्यांतून एकदा तरी झालीच पाहिजे, ठराव लिहिले पाहिजेत. हक्कपण आहेत, कारखान्यात नोटीस बोर्ड लावता येतो, आवारात वर्गणी गोळा करता येते. दुसऱ्या युनियनला ती जागा हवी असेल तर पहिलीला मान्यता मिळून दोन वर्षं व्हावी लागतात. याच्या जोडीला अनुचित प्रथांच्या याद्या आहेत आणि त्यांनी कामगाराला खरंच हत्यार दिलं, जसं की चौथ्या अनुसूचीत सहाव्या कलमात वर्षानुवर्षं बदली किंवा टेम्पररी ठेवून परमनंटचे फायदे नाकारणं हे अनुचित ठरवलंय आणि नवव्यात करार करून तो न पाळणं.

पण मान्यता ठरते ती पावत्यांवरच, मतदानावर नाही. गंमत नाही, गंभीर विसंगती आहे ही, कारण याच कायद्यात मान्यताप्राप्त युनियनला संप करायचा असेल तर 14 दिवसांची नोटीस द्यायच्या आधी आपल्या मेंबरांच्या बहुमताचं मत घ्यावं लागतं. म्हणजे संपासाठी मतदान पाहिजे आणि प्रतिनिधी निवडायला नको. पावत्या दोन्ही युनियनच्या फाडलेल्या असू शकतात, वर्गणी कुणाच्या दबावाखाली दिलेली असू शकते, आणि बंद पेटीत टाकलेलं मत यापेक्षा वेगळं येऊ शकतं. न्या. गजेंद्रगडकरांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाने 1969 मध्ये हा वाद मिटवला नाही, पडताळणी की मतदान हे प्रस्तावित औद्योगिक संबंध आयोगावर सोडलं. 1995 मध्ये सुप्रीम कोर्टाने फूड कॉर्पोरेशनच्या केसमध्ये गुप्त मतदान कसं घ्यायचं याची पद्धत घालून दिली, पण ती आपल्या कायद्यात उतरली नाही.

पुण्याच्या पट्ट्यात हा प्रश्न वेगळ्या रूपात आला, तिथे जोर अंतर्गत युनियनवर, म्हणजे त्याच कंपनीतल्या कामगारांनी चालवलेल्या. टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) 1989 ला कामगार नेते राजन नायर यांच्या मागे कामगारांचा मोठा गट होता, कंपनीने करार केला दुसऱ्या युनियनशी, कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले आणि शेवटी पोलिसांनी त्यांना तिथून उचललं.

2020 च्या औद्योगिक संबंध संहितेने उंबरठा वर नेला. हजेरीपटावरचे 51 टक्के कामगार ज्या युनियनमागे तिला एकटीला वाटाघाटीचा हक्क, तेवढं कुणाकडेच नसेल तर निदान 20 टक्के मेंबर असलेल्या युनियनची मिळून वाटाघाटी परिषद. 25 टक्क्यांवर पूर्ण शहर बांधण्यापेक्षा हे नक्कीच न्याय्य आहे. संपाची 14 दिवसांची नोटीस मात्र आता सगळ्याच आस्थापनांना, आधी केंद्राच्या कायद्यात ती मुख्यतः लोकोपयोगी सेवांना होती.

अडचण अशी की हजेरीपटावर आता असतं कोण? चाकण, रांजणगाव, बुटीबोरी, कुठल्याही एमआयडीसीत जा, लाइनवर उभी असलेली निम्मी पोरं ठेकेदाराची, त्यांचं नाव कंपनीच्या पटावर नाहीच. 2001 मध्ये सुप्रीम कोर्टाने सिप्ला आणि कल्याणी स्टील्सच्या केसमध्ये सांगितलं की मूळ कंपनीशी मालक-कामगार हे नातंच वादात असेल तर आधी ते योग्य ठिकाणी सिद्ध करून या, त्याशिवाय एमआरटीयू-पल्पखाली तक्रार चालणार नाही. तेव्हापासून ठेक्यावरच्या कामगाराला या कायद्याचं दार जवळजवळ बंद आहे. मान्यताप्राप्त युनियन तीन वर्षांचा करार करते, परमनंटवाल्यांचे पगार वाढतात, आणि शेजारच्याच मशीनवर तेच काम करणाऱ्याचं त्या करारात कुठे नावसुद्धा नसतं. काही युनियननी आपल्या मागणीपत्रात ठेकेदारी कामगारांची कलमं घालायला सुरुवात केलीय, काहींनी त्यांना मेंबर करून घेतलंय, पण मान्यतेसाठी टक्के मोजताना ते मेंबर धरले जात नाहीत.