तीन पडद्यांवर एक दृश्य की तीन दृश्ये? घरच्या फ्लाइट सिम्युलेटरची मांडणी

घरच्या फ्लाइट सिम्युलेटरसाठी तीन मोठे टीव्ही लावण्याचा विषय निघाला की दोन वेगळ्या गोष्टींची हमखास गल्लत होते. पहिल्या पद्धतीत ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर (ते कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर), म्हणजे एनव्हिडियाचे सराउंड किंवा एएमडीचे आयफिनिटी, तिन्ही पडदे जोडून एकच लांबलचक पडदा असल्याचे संगणकाला भासवतो आणि सिम्युलेटर त्यावर एकच दृश्य काढतो. दुसऱ्या पद्धतीत पडदे सुटेच राहतात आणि सिम्युलेटर प्रत्येकासाठी वेगळ्या दिशेला पाहणारा कॅमेरा धरून तीन दृश्ये काढतो. दोन्हींत चित्र सलगच भासत असल्यामुळे फरक चटकन लक्षात येत नाही. बाजूचे टीव्ही आपल्याकडे वळवले की मात्र तो फार मोठा होतो, आणि माझ्या मते खरेदीला बाहेर पडण्याआधीच हा मुद्दा पक्का करायला हवा.

५५ इंची टीव्हीचा दिसणारा भाग सुमारे १२२ सेंटीमीटर रुंद असतो. डोळे त्यापासून साधारण १०५ सेंटीमीटरवर असले, तर तो एकटा पडदा नजरेचे ६० अंश व्यापतो. बाजूचे दोन्ही टीव्ही ६० अंशांत आत वळवले की तिन्ही मिळून १८० अंश होतात आणि सगळी मांडणी जेमतेम ८ फूट रुंदीत बसते. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एखाद्या फ्लॅटमधली १० बाय १२ ची खोली तिला पुरते. चौकोनी पाइपचा स्टँड उद्यमनगरात वेल्ड करून घेता येतो. बाजूच्या चौकटी मात्र बिजागरीवर ठेवायला सांगाव्यात, कारण कोन नंतर एकदोन अंशांनी हलवावा लागतोच.

आता याच मांडणीवर कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून, धावपट्टी २५ वरून (म्हणजे होकायंत्रावर सुमारे २५० अंशांच्या दिशेने) उड्डाण केले असे समजू. विमानाचे तोंड पश्चिम-नैर्ऋत्येला असते आणि पन्हाळा वायव्येला, म्हणजे नाकाच्या रेषेपासून उजवीकडे सुमारे ६० अंशांवर राहतो. स्वतंत्र दृश्यांच्या पद्धतीत तो उजव्या पडद्याच्या मधोमध येतो आणि खुर्चीत बसून मान वळवली की जिथे असायला हवा तिथेच दिसतो. एकाच ताणलेल्या दृश्यात तसे होत नाही. मधल्या पडद्यावरचे ६० अंश बरोबर राखायचे म्हटले, तर सपाट चित्राच्या भूमितीनुसार तिन्ही पडद्यांवर मिळून १२० अंशच मावतात. त्यामुळे पन्हाळा उजव्या टीव्हीच्या पार बाहेरच्या कडेला, पाहणाऱ्याच्या अगदी खांद्याच्या रेषेत जातो. शिवाय चित्राच्या मध्यावर तो जेवढा दिसला असता त्याच्या चौपट रुंद आणि दुप्पट उंच काढला जातो. दृश्यकोन वाढवून १८० करू म्हटले, तरी सपाट चित्रात १८० अंश कधीच मावत नाहीत, आणि जितका वाढवावा तितके समोरचे चित्र आक्रसत जाते.

या फुगलेल्या पंखांचा आणि डोंगरांचा दोष पुष्कळदा ग्राफिक्स कार्डाला दिला जातो, तो अन्यायाचा आहे. ते चित्र चुकीचे नसतेच. तीन टीव्ही भिंतीवर एका सरळ ओळीत टांगले असते, तर त्याच अंतरावरून ते अगदी बिनचूक दिसले असते.

आपल्याकडे यातले नेमके काय चालू आहे, हे ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. सरळ, समतल उड्डाणात क्षितिज तिन्ही पडद्यांवर आडवेच दिसते, त्यामुळे दोष झाकलेला राहतो. विमान ३० अंश कलते करून दोन पडद्यांच्या सांध्याकडे पाहावे. स्वतंत्र दृश्ये नीट जुळलेली असली, तर तिरपे क्षितिज सांध्यातून न मोडता पलीकडे जाते. वळवलेल्या पडद्यांवर एकच दृश्य ताणलेले असेल, तर ते सांध्यावर कोपरासारखे वाकते. स्वतंत्र दृश्यांतही क्षितिज वाकत असेल, तर कोन किंवा बसण्याचे अंतर चुकले आहे. हे अंतर मोजपट्टीने डोळ्यापासून मोजावे, टेबलाच्या कडेपासून नव्हे. सेटिंगमध्ये ६० अंश ठेवून १५० सेंटीमीटरवर बसले, तर पडदा प्रत्यक्षात ४४ अंशच व्यापतो, समोरचे सगळे लहान व दूर वाटते आणि उतरताना धावपट्टीपासूनच्या उंचीचा अंदाज चुकतो.

एक्स-प्लेन या सिम्युलेटरमध्ये प्रत्येक मॉनिटरला दृश्यकोन आणि लॅटरल ऑफसेट (दृश्य बाजूला किती अंश वळवायचे तो आकडा) वेगवेगळे देता येतात: डावीकडे उणे ६०, मध्ये शून्य, उजवीकडे ६०. टीव्हीची चौकट १ सेंटीमीटर जाड असेल, तर सांध्यावर २ सेंटीमीटरांची आंधळी पट्टी तयार होते; ती भरून काढायला ऑफसेट ६१ करावा. त्याआधी सराउंड बंद करणे अत्यावश्यक आहे, कारण ते चालू असताना सिम्युलेटरला एकच पडदा दिसतो आणि वाटून द्यायला काही उरतच नाही. २०२० च्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्येही पुढच्या अपडेटमधून जादा दृश्यांच्या खिडक्यांची सोय आली.

या अचूकतेची किंमत मोजावी लागते. ताणलेल्या दृश्यात ओझे मुख्यतः पिक्सेलचे असते, आणि तीन फोर-के पडद्यांचे मिळून ते जवळपास अडीच कोटी होतात. स्वतंत्र दृश्यांत पिक्सेल तितकेच राहतात, पण सगळा देखावा तीनदा मांडावा लागत असल्यामुळे प्रोसेसरवरही मोठा ताण येतो. म्हणून निदान पिक्सेलचे ओझे हलके करायला बाजूचे पडदे फुल एचडीवर चालवावेत. नजरेच्या कडेला बारकावे फारसे टिपले जात नाहीत. तिथे हालचाल सुरळीत असणे जास्त महत्त्वाचे.

डाव्या सर्किटचा, म्हणजे धावपट्टीभोवती डावीकडे वळत घेतलेल्या फेऱ्यांचा, सराव करताना धावपट्टी सतत डावीकडे असते, आणि तो सराव गंभीरपणे करायचा असेल, तर स्वतंत्र दृश्यांना पर्याय नाही. तरीही बेस लेगला, म्हणजे फेरीतल्या उतरण्याआधीच्या आडव्या टप्प्याला, वळताना धावपट्टीचे टोक खांद्याच्या मागे, सुमारे १३५ अंशांवर गेलेले असते आणि १८० अंशांच्या मांडणीतही ते दिसत नाही. त्यासाठी जॉयस्टिकच्या एखाद्या बटणावर मागचे दृश्य बसवून ठेवावे लागते. ज्यांचे उड्डाण बहुतेक ढगांत, उपकरणांवर नजर ठेवून चालते, किंवा ज्यांचे २७ इंची मॉनिटर टेबलावर जवळपास सरळ ओळीत आहेत, त्यांनी सराउंड खुशाल वापरावे. तिथे कडेचा ताण अपायकारक नसतो आणि मांडणी काही मिनिटांत पूर्ण होते.