अंग मोडून येतं ते व्हायरसमुळे की आपल्यामुळे?

जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईतल्या कुठल्याही बिल्डिंगमध्ये बघा, कोणीतरी व्हायरल फीवरने आडवं असतंच, आणि दवाखान्यात रांगेतल्या प्रत्येकाची तक्रार तीच, ताप आहे आणि अंग मोडून आलंय. वाटतं की हे सगळं व्हायरस करतोय, पण त्यातलं बरंचसं आपलं शरीरच करत असतं, आणि मला ही गोष्ट खरंच भारी वाटते.

व्हायरस पेशीत घुसला की स्वतःच्या कॉप्या काढायला लागतो. तो डेंग्यूचा की फ्लूचा हे पेशीला कळत नाही, पण इथे जे नसायला पाहिजे ते आहे एवढं बरोबर कळतं. म्हणजे आपला डीएनए केंद्रकात असतो, तो बाहेरच्या पेशीद्रवात सापडला की सीगॅस नावाचं प्रोटीन जागं होतं. आपल्या आरएनएच्या टोकावर एक रासायनिक टोपी असते, फ्लूसारख्या व्हायरसच्या आरएनएच्या टोकाला तीन फॉस्फेट उघडेच असतात, ते रिग-आय नावाचं दुसरं प्रोटीन पकडतं. आणि लांबलचक दुहेरी आरएनए दिसला की एमडीए-५ नावाचं तिसरं प्रोटीन जागं होतं.

मग ती पेशी इंटरफेरॉन सोडते, म्हणजे शेजारच्या पेशींना धोक्याचा निरोप देणारं प्रोटीन. हे 1957 मध्ये लंडनला आयझॅक्स आणि लिंडेनमन या शास्त्रज्ञांनी शोधलं. चाळीत एका खोलीतून "चोर!" अशी बोंब आली की सगळा मजला कड्या लावून घेतो ना, तसंच शेजारच्या पेशी शेकडो जीन्स चालू करतात, कोणी आरएनएचे तुकडे पाडतं, कोणी प्रोटीन बनवायचं कामच थांबवतं. हे सगळं काही तासांत, अँटिबॉडीला आठवडाभर तरी लागतो.

आता अंगदुखीचं. हिपॅटायटिस-सी च्या पेशंटना पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं द्यायचे आणि त्यांना फ्लू नसताना अगदी फ्लूसारखाच ताप, थंडी, अंगदुखी व्हायची! म्हणजे हा त्रास बराचसा इंटरफेरॉनचाच. आणि हो, व्हायरल ताप आला की स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेऊ नका प्लीज, व्हायरसवर ते चालतच नाही. डॉक्टरांना दाखवा, पावसाळ्यात तर नक्कीच.

कारण डेंग्यू या इंटरफेरॉनच्या बाबतीतच डाव साधतो. त्याचं एनएस-५ प्रोटीन पेशीतलं स्टॅट-२ हे निरोप आत पोचवणारं प्रोटीन नष्ट करवतं आणि इंटरफेरॉनचा निरोप आत पोचतच नाही. उंदराच्या स्टॅट-२ वर मात्र त्याची मात्रा चालत नाही, त्यामुळे साध्या उंदराला डेंग्यू सहसा होत नाही आणि लॅबमध्ये डेंग्यूच्या अभ्यासासाठी बहुतेक वेळा इंटरफेरॉनचा निरोपच न कळणारे उंदीर वापरावे लागतात.